डोळे उघडे ठेवून कोण झोपतं?

मैत्रिणींनो, आज सकाळी साडेअकरा वाजता, सात रस्त्याजवळच्या प्रदर्शनात, इंग्रजांच्या एका लढाईचा फोटो पाहिला. खाली पाटी: ‘थकून झोपलेले शिपाई’.

झोपलेले? डोळे उघडे, हात पाठीमागे बांधलेले आणि शेजारी बंदूक घेऊन साहेब हसतोय!

संयोजक म्हणाले, “मॅडम, लहान मुलं येतात की. मेलेले लिहिलं तर घाबरतील.”

“मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पण मढ्याला झोपलेला म्हणायला नन्सनीही नाही शिकवलं.”

तेवढ्यात सोबत आलेली माझी नात फोटोखाली जमिनीवर आडवी झाली. हात पाठीमागे, डोळे सताड उघडे. “आजी, मीपण झोपले. फोटो काढ ना!”

मी तिला दंडाला धरून उठवलं.

संयोजक, पाटी कधी बदलणार ते शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा. तोंडी “बघतो की” चालणार नाही.