लाँग किती रुंद

माझी धाकटी बहीण ऑपरेटिंग सिस्टीमचं कर्नेल लिहिते, म्हणजे यंत्राच्या आतला गाभा. लोकांना वाटतं, ती नुसती टाइप करत बसते. वाटू दे.

नोकरीला लागल्यावर तिनं पहिली फाइल केली ती आकड्यांच्या मापांची. साधा 'लाँग' आकडा एका चिपवर बत्तीस बिटांचा, तर दुसरीवर चौसष्टचा. म्हणून तिनं आकड्याच्या नावातच त्याची रुंदी घातली. बत्तीसचा म्हणजे कुठेही बत्तीसचाच. साहेबांनी ती फाइल सगळ्यांदेखत काढून टाकली. "बाई, मशीनला सगळं कळतं. तुम्ही कशाला फूटपट्टी घेऊन बसता?" सगळे फिदीफिदी हसले.

पुढे नवी चिप आली, लाँग दुप्पट फुगला आणि डिस्कवरच्या नोंदी एकमेकींवर चढल्या. गिऱ्हाइकाचा डेटा गेला. साहेबांनी खुशाल हिच्याकडे बोट दाखवलं आणि हिची रवानगी झाली तपासणीच्या खोलीत, गळक्या एसीखाली. मी म्हटलं, फेक राजीनामा तोंडावर. तर म्हणे, "ताई, मी गेले तर तो सुटेल."

राहिली, दातओठ खात राहिली. कामात इतकी चोख, की कर्नेलमध्ये काय जाईल हे ठरवायची खुर्ची शेवटी तिलाच मिळाली. बसल्या बसल्या तिनं आपली फाइल परत आणली आणि नियम केला: रुंदी न सांगणारा उघडा लाँग दिसला, की काम परत. शिवाय प्रत्येक बदलाखाली कारण आणि नाव.

साहेबांचं सगळंच काम उघडं. ते परत परत आल्यानं थकले आणि एका रविवारी लॅपटॉप काखेत मारून आमच्या घरीच हजर. मला म्हणाले, ताई, तुम्ही तरी सांगा तिला, हे बदलायला एक छोटा प्रोग्राम पुरेल.

धाकटी इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "कुठला लाँग बत्तीसचा न् कुठला चौसष्टचा, ते मशीनला कळत नाही, साहेब. बसा."

बसले. जेवणाच्या टेबलावर एकेक ओळ बदलत बसले. मी चहा टाकला, आम्हा दोघींपुरता. कारणाच्या जागी त्यांनी 'सुधारणा' लिहिलं. तिनं परत केलं. मग 'जुनी चूक दुरुस्त'.

"कुणाची?" तिनं विचारलं आणि कॉलर उलटून घेतली.

शेवटी लिहिलं: मापांची फाइल मी काढली, डेटा माझ्यामुळे गेला. खाली नाव. ती ओळ जो उघडेल, त्याला आता हे दिसणारच.

तिनं मंजूर केलं. साहेब दाराशी घुटमळले, झालं गेलं विसरू म्हणाले.

"हा डिस्कचा भाग झाला," ती म्हणाली. "नेटवर्कचा पुढच्या रविवारी आणा."