मुलुंड ते भंडारदरा, सासऱ्यांसह दहा फुटांच्या घरात

घाटकोपरची चाळ पाडायचं ठरलं आणि माझ्या सासऱ्यांपुढे, अण्णांपुढे, दोन वाटा उरल्या. तिथेच आसपास भाड्याची खोली, नाहीतर मुलुंडला आमच्याकडे. माझ्या बायकोला, सुजाताला, अर्थातच दुसरी वाट हवी होती. अण्णा नुसतं "बघूया" म्हणत. मालवणी माणसाचं "बघूया" हा नकाराचा अत्यंत सुसंस्कृत प्रकार आहे.

अडचण सगळ्यांना ठाऊक होती, बोलत कोणी नव्हतं. मी जन्माचा शाकाहारी. आमच्याकडे मासा शिजतो तो बाल्कनीत, इंडक्शनवर, दार ओढून घेऊन. हा नियम मी केलेला नाही. मी फक्त तो कधी मोडू दिलेला नाही.

तोडगा काढला आमच्या नववीतल्या इराने. "आधी ट्रायल घ्या ना! ट्रेलर भाड्याने घेऊ, तळ्याकाठी दोन रात्री राहू. आजोबांना मासे पकडता येतील. एवढ्याशा डब्यात भांडलो नाही, तर घरात काय भांडणार?" तर्क निर्दोष होता, म्हणून मला संशय आला. पण डिसेंबर होता, आणि अण्णा चक्क "चला" म्हणाले.

ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडायची चाकांवरची खोली. आत एक पलंग, वर एक फळी, खाली उघडणारा बाक आणि वीतभर ओटा. "चौघं आरामात झोपतात," मालक म्हणाला. त्याने हिशेबात गुडघे धरले नव्हते. जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन सूचना. एक, गाडीला मागे हूक आहे का ते आधी बघा. दोन, रिव्हर्स घेताना स्टीअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. हे मला सोसायटीच्या गेटातच कळलं. वॉचमनला जरा आधी कळलं.

पहाटे निघालो. भिवंडी बायपास, शहापूरला मिसळ (ट्रेलरसकट लावता येईल असं मोकळं हॉटेल निवडा), मग कसारा घाट आणि घोटीहून उजवीकडे. घाटात मागचं ओझं सारखं आठवण करून देतं, त्यामुळे नेहमीपेक्षा दीडपट वेळ धरा. अण्णा पुढच्या सीटवर, मांडीवर स्वतःची गळाची दोरी.

"अण्णा, तळ्यात काय मिळेल?" मी विचारलं.

"गोड्या पाण्यातलो मासो? तो आजारी माणसाक दितत."

"मग आपण चाललोय कशाला?"

"तुम्ही नेतास म्हणान," ते म्हणाले आणि शहापूरला घेतलेलं, मीठ लावलेल्या आवळ्याचं पाकीट माझ्यापुढे धरलं.

तळ्याकाठी जागा आधी फोन करून ठरवलेली बरी. शनिवार-रविवारी तंबूंची गर्दी असते. संडास-न्हाणी जागामालकाची, स्वच्छ. सकाळी सांगितलं तर पिठलं, भाकरी, ठेचा आणून देतात. गळ टाकायचा तर गावात विचारून परवानगी घ्या. पाणी सगळ्यांचं दिसतं, पण मासा कुणाच्या तरी ठेक्यातला असतो.

दुसरा दिवस हा या प्रवासातला खरा दिवस. धुकं उठायच्या आत अण्णा काठावर जाऊन बसले. गांडुळं मिळेनात, तेव्हा माझ्या पोळ्यांची कणीक उचलली आणि हिंग लावून तिच्या गोळ्या केल्या. शाकाहाराचा असा उपयोग शास्त्रकारांनी कल्पिला नसावा. शेजारच्या तंबूतला अंधेरीचा ग्रुपही गळ टाकून होता. "अरे यार, लागला की आधी फोटो काढ, ओढू नको!" असा त्यांचा कार्यक्रम चालला होता. अण्णा तिकडे बघतही नव्हते. इरा त्यांच्या शेजारी बसून राहिली, आणि मोबाइल बाहेर काढला नाही. हे मी नोंदवून ठेवतो, कारण कोणी विश्वास ठेवणार नाही.

दुपारपर्यंत तीन चिलापी लागल्या. तळहाताएवढ्या.

"जावयबापू, तुमच्या कणकेचे हो मासे!"

"पाप अर्धं अर्धं," मी म्हणालो. ते मनापासून हसले. सुजाताने माझ्याकडे 'बेत जमला' अशा नजरेने पाहिलं.

संध्याकाळी वारा सुटला. माशांसाठी सुजाताने वेगळी शेगडी आणली होती आणि ती घरच्या शिरस्त्याप्रमाणे ट्रेलरपासून लांब, झाडाखाली मांडली होती. पेटली की विझे. गाडी आडवी लावली, विझली. इराने योगाची चटई धरली, तीच उडाली. शेवटी अण्णांनी मसाला लावलेली ताटली झाकली.

"ऱ्हवांदे गो. पिठलं-भात खावया."

त्या बोलण्यात राग नव्हता, सराव होता. तो त्यांना आमच्या बाल्कनीत झाला होता.

"आत तळा," मी म्हणालो.

सुजाता थांबली. "काय म्हणालास?"

"आत. ओटा आहे ना."

"अरे, आत उशा आहेत. तुझी शाल आहे."

"आपद्धर्म म्हणून एक सोय असते."

"म्हणजे?" इरा.

"म्हणजे वाट लागली की नियम बाजूला ठेवता येतो," सुजाता म्हणाली आणि मी मत बदलायच्या आत तवा ठेवला.

खिडक्या उघड्या होत्या, पण वारा धूर आतच लोटत होता. अण्णा चवीने जेवले. गोड्या पाण्याला दिलेली शिवी काही त्यांनी मागे घेतली नाही. मी पिठलं खाल्लं आणि यजमानाचं कर्तव्य पार पाडलं. "वास अजिबात येत नाही हं, अण्णा." अंथरूण घालताना पुन्हा. सकाळी चहाला, "शालीलासुद्धा नाही." अण्णा प्रत्येक वेळी मान हलवत. परतताना काच खाली करून मी तेच सांगत होतो. इरा मागे दुपट्ट्यात नाक खुपसून हसत होती.

घाटकोपरला त्यांना सोडलं. उत्तर अजून मिळालेलं नव्हतं, आणि सुजाता विचारायला घाबरत होती. अण्णा उतरले, दार लावलं, मग माझ्या खिडकीशी आले.

"येतंय मी. पुढल्या आयतवारी सामान हाडूया."

सुजाताने डोळे पुसले. अण्णा माझ्याकडेच बघत होते.

"पण एक आयका, जावयबापू. माशाक वास येतलोच. तुम्ही नाकाक रुमाल लावा, उठान भायर जावा, चलात. पण 'येत नाय, येत नाय' सांगू नकात. ताटार बसान माका पावणो झाल्यासारख्या वाटता."

मी होकार दिला. आता अण्णा आमच्याकडेच असतात आणि मासा आतल्या ओट्यावर तळला जातो. वासाची सवय मला पंधरवड्यात झाली. गप्प बसण्याची अजून व्हायची आहे.