मुलाखतीचं बोलावणं

मी महाडच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत होते. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढेच पैसे, आणि मे महिना आला की घरी बसायचं. जूनमध्ये पुन्हा घेतील की नाही, या धाकधुकीत मला आंबेसुद्धा गोड लागत नसत. सकाळी उठून आधी मोबाइलवर विद्यापीठांच्या जाहिराती बघायच्या, मग चहा. प्राध्यापकाची जागा दिसली की अर्ज, प्रयोगशाळा सहायकाची दिसली तरी अर्ज. या दुसऱ्या प्रकारच्या अर्जांबद्दल मात्र मी घरी अवाक्षर काढलं नव्हतं.

मग एका विद्यापीठातून प्राध्यापकपदाच्या मुलाखतीचं पत्र आलं. ते मी फोन करून गावी, कापड्याला, बाबांना सांगितलं आणि तिथेच घात झाला. आमच्या गावातली माणसं पिढ्यानपिढ्या मुंबईला गेली ती बोलावण्यावर. आधी गेलेला काका साहेबाच्या कानावर घालायचा, जागा पक्की करायचा आणि मगच गावी निरोप धाडायचा. निरोप आला की वळकटी बांधायची. मुद्दाम बोलावून घेतात, प्रश्न विचारतात आणि रिकाम्या हाताने परत पाठवतात, हे आमच्या लोकांच्या डोक्यातच शिरत नाही.

शिमग्याला मुंबईला नोकरीत असलेले गाववाले, आमचे मुंबईकर, आले तेव्हा फाट्यावर माझा फ्लेक्स लागला होता, नावाआधी प्राध्यापिका लावून. पालखीसमोर शाल-नारळ झाला. अजून काहीच ठरलेलं नाही, असं मी घसा फोडून सांगत होते, तर गावच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, शिकलेल्या पोरी लाजतात. बाबा इस्त्रीचा सदरा घालून पुढे बसले होते. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मुलाखत चहा निवायच्या आत आटोपली. जागा दुसऱ्याला गेली, पण ते घरी सांगायचा धीर मला झाला नाही. थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका विद्यापीठातून प्रयोगशाळा सहायकाच्या नेमणुकीचं पत्र आलं. कायम नोकरी, मे महिन्यातही पगार. मी खोलीत एकटीच नाचले आणि मग बसून रडले, कारण आता बाबांना सांगायचं होतं. नोकरी लागली एवढंच सांगितलं, कसली ते नाही. हजर व्हायला निघाले तेव्हा बाबा वीर स्टेशनापर्यंत सोडायला आले. आमची मॅडम कॉलेजातल्या पोरांना शिकवायला चालली, असं ते रिक्षावाल्याला वाटभर ऐकवत होते.

प्लॅटफॉर्मवर मला ते सहन होईना. मी सांगून टाकलं. शिकवायचं नाही, प्रयोगाची तयारी करून द्यायची, बाटल्या-नळ्या सांभाळायच्या. पण नोकरी कायमची आहे.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "यंदा गणपतीला येऊ नको गो. मुंबईकर इचारतील. एक वरीस जाऊ दे, मंग कोनाच्या ध्यानात राहात नाय."

माझ्या अंगाची लाही झाली. जिच्यासाठी इतकी वर्षं जीव टांगणीला लावला होता ती नोकरी हातात होती, आणि बाप मला माझ्याच घरचा गणपती चुकवायला सांगत होता. गाडी येताना दिसली.

"मी येणार," मी म्हटलं. "आणि कोणी विचारलं तर काय काम करते तेही सांगणार."

 डब्यात चढून मी खिडकीतून बाबांना शोधलं, तर गाडी सुटायच्या आधीच ते बाहेरच्या रस्त्याला लागले होते.