निळ्या बॅगेची खबर

प्रेमानंद मेश्रामांच्या शेजारच्या टेबलावर मी सहा वर्षं बसलो आणि त्यातली निम्मी त्यांच्यावर चिडण्यात घालवली. चहा घेता का विचारलं तरी हा माणूस आधी खिडकीबाहेर बघायचा. आमचं काम खबरींचं. कोणतं ऑफिस ते विचारू नका. कुठे घातपात होणार अशी कुणकुण लागली की ती नोंदवायची आणि तिला दर्जा द्यायचा. सांगणारा किती भरवशाचा, याला अक्षर. सांगितलेलं किती पटण्यासारखं, याला आकडा. अ-एक म्हणजे धावत सुटा. प्रेमानंदजींचा लाडका दर्जा क-तीन. खरं म्हणवत नाही आणि खोटं ठरवायची हिंमत होत नाही, असा. मी त्यांनाच ‘क-तीन’ म्हणून चिडवायचो आणि ते हसायचे.

त्या वर्षी दसऱ्याच्या आठ दिवस आधी काटोलहून गोविंदाचा फोन आला. गोविंदा बसस्टँडवरचा हमाल आणि आमचा जुना खबऱ्या. एकदा त्याची खबर तंतोतंत निघाली होती, दोनदा नुसत्या बाता.

‘‘दोघं जणं बोलून राहिले होते,’’ तो म्हणाला, ‘‘दसऱ्याले दीक्षाभूमीवर बॅग ठेवायची अन् लगेच निघायचं.’’

आता दसऱ्याला, म्हणजे धम्मचक्र दिनाला, तिथे लाखो माणसं येतात. बॅग प्रत्येकालाच कुठेतरी ठेवायची असते. प्रेमानंदजींनी क-तीन दिला. पण कॉम्प्युटरच्या फॉर्मवर ‘वस्तूचा रंग’ असा एक रकाना होता आणि तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. गोविंदाने रंग सांगितला नव्हता, त्याचा फोनही लागेना. प्रेमानंदजींनी ‘निळा’ टाकलं आणि फॉर्म सगळीकडे पाठवून दिला. त्यांचे वडील छप्पन साली तिथेच बौद्ध झालेले. दीक्षाभूमी म्हटल्यावर या माणसाला दुसरा कुठला रंग सुचणार?

पाच दिवसांत तीन ठिकाणांहून इशारे आले. रेल्वेकडून, शेजारच्या जिल्ह्यातून आणि थेट वरून. दीक्षाभूमी, दसरा, बॅग. तीन वेगळ्या ठिकाणांहून एकच गोष्ट आल्यावर साहेबांनी क-तीन खोडून अ-एक केलं. मीही घाबरलो, खोटं कशाला बोलू?

दसऱ्याच्या सकाळी प्रेमानंदजींनी बायकोला फोन लावला. कांताबाई दरवर्षी वस्तीतल्या बायकांबरोबर दीक्षाभूमीजवळ भोजनदानाच्या स्टॉलवर असायच्या.

‘‘घरी ये वं,’’ ते म्हणाले. ‘‘मले बरं नाही वाटत.’’

‘‘गोळी घ्या जी,’’ पलीकडून मोठ्याने आलं. ‘‘इथं लाईन रस्त्यापर्यंत गेली. निळी बॅग दिसली का पोलीस थांबवून राहिले. बाया-लेकरं चेंगरून राहिली नुसती!’’

प्रेमानंदजींनी फोन ठेवला आणि तिन्ही इशारे पुन्हा काढून वाचले. तिन्हींमध्ये निळी बॅग. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘हा रंग तं मी टाकला होता.’’

मला आधी कळेचना. मग कळलं. तिन्ही इशारे वेगळे नव्हतेच. आमचाच फॉर्म तीन ऑफिसं फिरून तीन वेगळ्या शिक्क्यांनी परत आला होता, आणि स्वतः लिहिलेलं वाचून आम्ही घाबरलो होतो.

‘‘म्हणजे खबर खोटी!’’ मी म्हणालो.

‘‘गोविंदानं तं खरंच ऐकलं होतं नं काहीतरी,’’ ते म्हणाले, आणि पुन्हा खिडकीबाहेर. त्या क्षणी मला त्यांचे खांदे धरून हलवावेसे वाटले. गप्प राहिले तर बॅगा तपासण्याच्या नादात तिथे चेंगराचेंगरी होणार. सांगितलं आणि गोविंदाचं खरं निघालं तर?

शेवटी ते साहेबांसमोर उभे राहिले आणि सगळं सांगितलं. साहेब आधी लाल झाले, मग पांढरे.

‘‘मग बॅग आहे की नाही, मेश्राम?’’

‘‘माहीत नाही साहेब. रंग खोटा हाय, एवढंच माहीत हाय.’’

‘‘मी काय करू ते सांगा. तपासणी उठवू?’’

प्रेमानंदजींनी कागद ओढला. अ-एक खोडून क-तीन केलं, निळ्या बॅगांची अडवणूक थांबवावी, नेहमीचा बंदोबस्त ठेवावा, असं लिहून खाली सही केली. साहेबांनी वायरलेसवर तसं कळवलं. प्रेमानंदजींनी दोन तासांची सुट्टी मागितली.

त्या दिवशी काहीच झालं नाही. त्यावरून त्यांचं बरोबर होतं असं ठरतं का? गोविंदाच्या त्या दोघांनी बेत बदलला, की ते बिचारे पुस्तकांची बॅग ठेवणार होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

ते सुट्टी घेऊन कुठे गेले, हे पुढे कांताबाईंनी सांगितलं. ‘‘सरळ स्टॉलवर आले. मी म्हटलं, बरं नव्हतं नं तुम्हाले? घरी जा नं आता. तं नाही म्हणे. पुऱ्या वाढत बसले, अन् येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेकडेच पाहून राहिले.’’

मी नंतर त्यांना रागावूनच विचारलं, ‘‘अहो, सकाळी बोलावत होतात तसं निदान वहिनींना तरी तिथून हलवायचं! स्फोट झाला असता म्हणजे?’’

‘‘बाकीच्याईले तिथं ठेवून तिले कसं नेऊ गा?’’ ते म्हणाले. ‘‘सही मी केली होती. म्हणून मीबी तिथंच जाऊन बसलो.’’