कापायला सांगितलेले सत्तावीस सेकंद

प्रशिक्षणाच्या पहिल्याच तासाला मला राग आला. शिक्षकांनी आपापल्या विषयाचे व्हिडिओ स्वतः बनवावेत म्हणून आम्हा चाळीसेक जणांना एका शाळेच्या हॉलमध्ये बोलावलं होतं. मार्चचा दुसरा आठवडा होता, पंखे गरम हवा फेकत होते आणि समोर माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या वयाचा प्रशिक्षक उभा होता. त्याने विचारलं, "पन्नासच्या वरचे कोण कोण आहेत?" आम्ही सहा-सात जणांनी हात वर केले. तो गोड हसला. "तुम्ही मागे आरामात बसा, टेन्शन घेऊ नका. एडिटिंग तुमच्या शाळेतले यंग टीचर करून देतील."

मी त्रेपन्न वर्षांची होते. पर्स उचलली, मागच्या रांगेतून उठले आणि थेट पहिल्या रांगेत त्याच्या नाकासमोर जाऊन बसले. शेजारची म्हणाली, "काहून उठल्या वं मॅडम, तिथंच पंखा होता." मी म्हटलं, मला पंखा नको, मला शिकायचंय.

आणि मी शिकले. शिकवणं त्या पोराला येत होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. फोन आडवा धरायचा, खिडकी पाठीमागे येऊ द्यायची नाही, हे त्याने नीट समजावलं. मग संकलन. फोनच्या पडद्यावर खाली आवाजाची एक रेघ दिसते. माणूस बोलला की तिला डोंगर येतात, गप्प बसला की ती सपाट होते. त्याचा नियम सोपा होता. सपाट दिसलं की कापा. मुलं तीन सेकंदांच्या वर थांबत नाहीत, पुढे सरकतात. दुसरा नियम, कॅमेऱ्याला पाठ दाखवायची नाही. पाठ दिसली की तेही कापा.

मी उभी राहिले. "मी गणित शिकवते. फळ्यावर लिहिताना पाठ दिसणारच. अठ्ठावीस वर्षं पोरं माझी पाठ बघूनच शिकली."

हॉल हसला. तोही हसला आणि म्हणाला, "मॅडम, क्लासमध्ये पोरं कुठं जातील? व्हिडिओत जातात."

उत्तर सुचलं नाही की मी जास्त चिडते, हे माझ्या घरच्यांना माहीत आहे. प्रशिक्षणाच्या शेवटी शिक्षकांच्या व्हिडिओंची स्पर्धा होती आणि तीत आपला व्हिडिओ जाणारच, हे मी त्या दिवशी ठरवून टाकलं.

आमची शाळा लकडगंजात, आरा मशीनच्या मागे. दिवसभर लाकूड कापल्याचा आवाज येत राहतो आणि आम्हाला तो ऐकूही येत नाही, इतका अंगवळणी पडलेला. व्हिडिओ काढायला गेले तेव्हा तो पहिल्यांदा ऐकू आला. मशीन थांबली की मी "आता!" म्हणायची आणि पोरं श्वास रोखून बसायची. पंखे बंद, कारण पंख्याची घरघर. फोनसाठी तिवई नव्हती, म्हणून फळ्यावर वर्तुळ काढायचा लाकडी कंपास कोपऱ्यातल्या टेबलावर फाकवून उभा केला आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने फोन त्याला बांधला. घामाने पोरांचे शर्ट पाठीला चिकटले होते, पण एकानेही कुरकुर केली नाही. सहावीची पोरं, व्हिडिओत यायचं म्हणून तेल लावून भांग पाडून आली होती.

विषय घेतला अपूर्णांकांचा भागाकार. अर्ध्याला पावाने भागलं तर किती? पहिल्या बाकावरची मॉनिटर उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "दोन." मी विचारलं, "काहून?" वर्गात मी 'का' म्हणत नाही, 'काहून'च म्हणते. ती म्हणाली, "कारण उलटा करून गुणायचं." मी म्हटलं, "ते कसं करायचं झालं. काहून दोन, ते सांगा." मग वर्ग गप्प झाला आणि थोड्या वेळाने मीच फळ्याकडे वळून चित्र काढून समजावलं.

रविवारी दुपारी व्हिडिओ कापायला बसले. घरच्या कूलरच्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून कूलर बंद केला, तर नवरा आतून ओरडला, "काहून बंद केला वं?" मी उत्तर दिलं नाही, कारण मी संकलन करून राहिले होते आणि मला ते जमत होतं. 'काहून दोन, ते सांगा'नंतर सत्तावीस सेकंद रेघ जवळजवळ सपाट होती आणि त्यातले निम्मे सेकंद माझी पाठ. दोन्ही नियम एकदम मोडलेले. रेघेवरच नजर ठेवून बोटाने दोन टोकं पकडली आणि मधला तुकडा उडवला. मला इतका आनंद झाला की मी कूलर लावायला विसरले.

सोमवारी वर्गात फोन मोठ्या पडद्याला जोडून दाखवला. पोरं स्वतःला बघून फिदीफिदी हसत होती. संपल्यावर टाळ्या. टाळ्या थांबल्या तेव्हा खिडकीजवळच्या शेवटून दुसऱ्या बाकावरून एक मुलगी उठली आणि शेजारणीकडे बोट दाखवून म्हणाली, "मॅडम, इचं उत्तर कुठी गेलं? इनं सांगतलं होतं."

शेजारण तिचा फ्रॉक ओढत होती. "जाऊ दे वं. बस खाली."

त्या शेजारणीबद्दल आता सांगायलाच हवं. ती वर्गात असून नसल्यासारखी होती. वडील हिंगण्याला कंपनीत शिफ्टवर, आई इतवारीकडे एका ठोक किराणा दुकानात मसाल्याच्या पुड्या बांधायला. विचारलं तर उत्तर यायचं, पण इतक्या उशिरा की तोवर आम्ही दोन गणितं पुढे गेलेलो असायचो. एप्रिलमध्ये सातवीच्या तुकड्या पाडायच्या होत्या. कागदावर दोन्ही तुकड्या सारख्या. प्रत्यक्षात 'ब'मध्ये पास होण्यापुरतं शिकवायचं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि आम्ही सगळे त्यावर गप्प. 'ब'च्या यादीत तिचं नाव होतं. नावापुढे कारणाच्या रकान्यात 'संथ' असं लिहिलेलं होतं. ते अक्षर माझं होतं.

मूळ चित्रीकरण फोनमध्ये होतं. शिक्षकखोलीत जाऊन कानात इअरफोन घातले आणि आवाज पूर्ण वाढवला. मी प्रश्न विचारते. वर्ग गप्प. दहा सेकंद. खिडकीकडे एक हात वर येतो, खांद्यापर्यंतच, आणि तेवढ्यात मी फळ्याकडे वळते. ती उभी राहते. खडूची टकटक चालू आहे, आणि माझ्या पाठीला ती मुलगी सांगते, "अर्ध्या किलोत पाव पाव किलोच्या दोन पुड्या बनते. म्हून दोन." सांगून झाल्यावर ती थोडी थांबते, बहुतेक मी वळेन म्हणून. मी वळत नाही. ती खाली बसते. मग मी वळते आणि म्हणते, "कोणालाच नाही येत? बघा, मी सांगते."

मी ते चार वेळा पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अठ्ठावीस वर्षांत मी अशी किती वेळा वळले असेन? फोन नव्हता म्हणून कोणी मोजलं नाही, इतकंच. आणि मीच हॉलमध्ये उभी राहून सांगितलं होतं की पोरं माझी पाठ बघून शिकली.

वर्गावर गेले आणि तिला म्हटलं, "तुझं उत्तर बरोबर होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी." ती खाली बघून म्हणाली, "हो जी." पोरांना हे नवीन होतं, मॅडम आणि चूक. कोणीतरी खुदकन हसलं, त्याच्याकडे मी नेहमीसारखं बघितलं आणि तो गप्प झाला.

मग मी तो व्हिडिओ पुन्हा बांधला. सत्तावीसच्या सत्तावीस सेकंद जागेवर ठेवले. तेवढ्या तुकड्याचा आवाज वाढवला, तर मागून लांबची एक आरा मशीनही वाढली. वाढू दे म्हटलं. तिचं वाक्य पडद्यावर अक्षरांत लिहिलं, आणि अक्षरं नेमकी तिच्या बोलण्याबरोबर यावीत म्हणून दोन दिवस डोकं फोडलं. ते प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. प्रशिक्षकाला फोन करून विचारलं तर त्याने व्यवस्थित सांगितलं आणि वर म्हणाला, "मॅडम, तो तुकडा ठेवू नका हं, खूप लांब होतोय." मी आभार मानून फोन ठेवला.

मुख्याध्यापकांनी व्हिडिओ पाहिला. आम्ही त्यांना मोठे सर म्हणतो. माणूस वाईट नाही, पण शाळेचं नाव निघालं की त्यांना घाम फुटतो. "मॅडम, हे काय? पाठ दिसून राहिली, आवाज नाही, मशीन ओरडून राहिली. आणि पोरीचं उत्तर तुम्हाला ऐकू नाही आलं, हे तुम्ही स्वतःच दाखवता? तो पहिलावाला पाठवा. मस्त होता तो."

"तो खोटा आहे, सर."

"खोटा कसा? कापलेला आहे."

मी फोन त्यांच्यासमोर धरला, पहिला व्हिडिओ शोधला आणि पुसून टाकला. "आता एकच आहे," मी म्हटलं. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. मग म्हणाले, "बदनामी झाली तर तुमच्या नावावर." मी म्हटलं, माझ्याच नावावर असू द्या, पाठही माझीच आहे.

स्पर्धेत व्हायचं तेच झालं. हॉलमध्ये सगळ्यांचे व्हिडिओ लावले. आमचा त्या सत्तावीस सेकंदांपाशी पोचला तेव्हा कोणीतरी ओरडलं, "नेट गेलं का?" एक परीक्षक लॅपटॉपपाशी उठून गेले. मी बसल्या जागेवरून सांगितलं, "नेट गेलं नाही, वर्ग चालू आहे." बक्षीस मिळालं नाही. शेऱ्याच्या कागदावर लिहिलं होतं, 'आशय चांगला, संकलन ढिसाळ.' मी तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि मागच्या दाराने सटकले नाही, पुढच्या दाराने, प्रशिक्षकाला नमस्कार करून गेले.

एप्रिलमध्ये यादीतल्या मुलांच्या पालकांना एकेक करून बोलावलं. तुकडी बदलायला हरकत नाही, अशी त्यांची सही लागत होती. मी आधीच मोठ्या सरांना सांगितलं होतं की ते नाव माझ्या हातून लिहिलं गेलं आहे आणि मी ते मागे घेते. ते म्हणाले, "यादी वर गेली मॅडम. आणि एका उत्तरानं काय होते? संथ आहे, हे तुम्हीच लिहिलं ना?" कागदावर बोट ठेवून मलाच माझं अक्षर दाखवलं. रागाने कान तापले, पण या वेळी राग स्वतःचाच जास्त होता.

तिचे वडील रात्रपाळी करून सरळ आले होते, कंपनीच्या गणवेशात, डोळे लाल. मुलगी मागे उभी. मोठे सर समजावत होते आणि ते मान हलवत होते. "हो जी. तुम्ही मनसान तसं जी. तुमाले जास्त समजते." पेन त्यांच्या हातात होतं आणि सही कुठे करायची ती जागाही सरांनी दाखवली होती.

मला कोणी बोलावलं नव्हतं. मी आत गेले. "भाऊ, सही नंतर करा. आधी हे बघा." आणि फोन त्या कागदावरच आडवा धरला.

"मॅडम," मोठे सर म्हणाले, "हे आता कशाला?"

मी व्हिडिओ चालू केला. मॉनिटर 'दोन' म्हणाली. मी 'काहून' विचारलं. मग ती शांतता सुरू झाली. आपल्या माणसांना शांतता सोसवत नाही, मोठ्या सरांनाही नाही. त्यांनी सवयीने ती भरायला घेतली. "तसं काय आहे भाऊ, 'ब' तुकडीतही तेच पुस्तक असते, मॅडमही त्याच, तुम्ही मनाला लावून..."

वडिलांनी पेनवाला हात वर केला. नजर फोनवरून हलली नाही. इतका वेळ 'हो जी' म्हणणारा तो माणूस म्हणाला, "सर, जरा चूप राहा जी. माही पोरगी बोलून राहिली."

मोठे सर थांबले. खडूची टकटक, आरा मशीन, आणि त्यातून ते वाक्य आलं, पुड्यांचं. मग ती माझ्या पाठीकडे बघत उभी राहिली ते दिसलं, आणि खाली बसली तेही. मी मुद्दाम फोनकडे न बघता त्या माणसाकडे बघत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मला वाटलं आता बोलतील, बोलले असते तर मी ऐकून घेतलं असतं. पण ते मुलीकडे वळले आणि विचारलं, "हे तुनं सांगतलं?"

ती विचार करत राहिली, नेहमीसारखी. खोलीत आम्ही तिघं मोठी माणसं होतो, तिघंही तिच्याकडे तोंड करून उभे राहिलो आणि कोणी काही बोललं नाही.

"हो बाबा," ती म्हणाली.

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते सरांच्या टेबलावर ठेवलं. सहीची जागा तशीच कोरी राहिली.