नकटीचा नवरा

माझ्या नणंदेचं लग्न झालेलं नाही आणि तिला सगळे नवरीबाई म्हणतात. हे ऐकून कोणाला तिची कीव येत असेल तर आधीच सांगते, कीव करायला दुसरं कोणी शोधा. माझं अर्धं आयुष्य तिच्याबरोबर एका घरात गेलंय. कीव यावी असं तिच्यात मला तरी काही सापडलेलं नाही. राग यावा असं मात्र रोज सापडतं. सकाळी न्हाणीघर अडवून बसते, भाजीत मीठ कमी पडलं की चारचौघांत सांगते, आणि माझ्याशी भांडण झालं की बोलत नाही, गाणी म्हणते. तीही देवाची, आणि बेसूर. देवाच्या गाण्याला गप्प बस कसं म्हणायचं?

ती मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला आहे. जागा तळघरात. खिडक्या वर छताला टेकलेल्या, त्यातून फक्त रस्त्यावरच्या लोकांचे पाय दिसतात. एका बाजूला धुण्याची यंत्रं, दुसऱ्या बाजूला चादरींचे ढीग, आणि मधे वाफ. ती लागली तेव्हा पोरगेलीच होती. तिथल्या मुकादमानं एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, तुझं लग्न कधी?" ही म्हणाली, "ठरलंय माझं." "कोणाशी?" "ख्रिस्ताशी." मुकादम पोट धरून हसला आणि त्या दिवसापासून तिला नवरीबाई म्हणायला लागला. चिडवायला हाक मारली आणि हिनं सरळ ओ दिली. मुकादम कधीच निवृत्त झाला. नाव राहिलं.

आता, मंडळी, म्हणजे चर्चमधली सगळी माणसं मिळून, ख्रिस्ताची वधू, हे मीही लहानपणापासून ऐकत आले आहे. आपण सगळेच ऐकतो, मान डोलावतो आणि घरी येऊन भाताला आधण ठेवतो. या बाईनं ते मनावर घेतलं, एवढाच फरक. स्थळं आली नाहीत असं नाही. काही तिनं परत पाठवली, काही तिचं बोलणं ऐकून आपणहून परत गेली.

लाँड्रीत यंत्रांचा इतका आवाज असतो की हातभर अंतरावरचंही ऐकू येत नाही. पण चादरीची घडी घालायला दोघी लागतात. दोन टोकांना दोघी धरतात, झटकतात, मग चालत एकमेकींजवळ येतात आणि टोकाला टोक लावतात. तेवढ्या वेळात दोन वाक्यं बोलून होतात. पुन्हा लांब, पुन्हा जवळ. नणंदबाई त्या दोन-दोन वाक्यांत गोष्टी सांगायची. एका चादरीला एकीबरोबर, दुसऱ्या चादरीला दुसरीबरोबर. मग जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका डबे उघडून आपापले तुकडे जोडत बसायच्या. माझ्या तुकड्यात ती पळाली होती, तुझ्यात परत कशी आली, यावरून भांडणं व्हायची. ही शांतपणे जेवत असायची.

गोष्टी सुरू झाल्या त्या एका म्हणीवरून. तिथल्या एका बाईच्या मुलीचं लग्न सारखं पुढे ढकललं जात होतं, तेव्हा कोणीतरी म्हणालं, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. हिनं विचारलं, "मग झालं का तिचं लग्न?"

"कोणाचं?"

"नकटीचं."

कोणाला माहीत नव्हतं. "कमाल आहे," ही म्हणाली, "पिढ्यान्‌पिढ्या तिच्या नाकावर हसताय आणि लग्न लागलं की नाही ते एकीलाही ठाऊक नाही." दुसऱ्या दिवसापासून तिनं नकटीच्या गोष्टी सांगायला घेतल्या.

प्रत्येक गोष्टीत नकटी वेगळी. एकदा ती खाटकाची थोरली लेक, हाताला रक्ताचा वास येतो म्हणून बहिणींनी तिला लग्नाच्या दिवशी कोठीत कोंडलेली. एकदा विटा वाहणारी विधवा, पदरी तीन पोरं. एकदा एक भवानी स्वतःच ऐन वेळी पळून गेली, परत आणली, पुन्हा पळाली. एकदा तर दात पडलेली म्हातारी, जिचं लग्न तरुणपणी राहून गेलं होतं. देखणी एकही नाही. बायका म्हणायच्या, अगं एखादी तरी गोरीगोमटी घाल. ही म्हणायची, गोऱ्यागोमट्यांच्या गोष्टी तुम्हाला फुकट ऐकायला मिळतात, त्या माझ्याकडे कशाला मागता? विघ्नं नवीन, नकटी नवीन, नवरा मात्र तोच, विघ्न टळेपर्यंत दारात थांबणारा. एकीनं डोळे मिचकावत विचारलं, "नवरीबाई, इतक्या बायका आणि नवरा एकच?"

"एकच," ही म्हणाली. "पुरतो."

माझी लेक या गोष्टींवर वाढली. आत्या कामावरून आली की ही घरातली धुतलेली चादर घेऊन उभी, घडी घालायला चल म्हणून. शाळेत असताना तिला फिट यायला लागली. औषधानं कमी झाली, पूर्ण गेली नाही. पुढे ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. लोकांच्या नाकावर फ्रेम नीट बसवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही.

तिचं लग्न आमच्याच मंडळीतल्या एका मुलाशी ठरलं. फिटचं आम्ही पहिल्याच भेटीत सांगितलं, औषधांची नावंसुद्धा सांगितली. मुलाची आई म्हणाली, "अहो, त्यात काय, आजकाल कोणाला काय नसतं." मी त्या बाईला मनातून शंभर आशीर्वाद दिले. परत घेता आले असते तर घेतले असते.

आमच्याकडे लग्न ठरलं की तीन रविवार चर्चमध्ये पुकार होते. पाळक सगळ्यांसमोर वधूवरांची नावं वाचतात आणि कोणाची हरकत असल्यास सांगा म्हणतात. दोन रविवार झाले. मधल्या आठवड्यात आम्ही सगळे, मुलासकट, कापडाच्या दुकानात गेलो, लग्नाच्या झग्याचं कापड घ्यायला. तिथं, पांढऱ्या कापडांच्या ढिगासमोर, लेकीला फिट आली. नणंदबाई तिच्याबरोबर खाली बसली, स्टूल लाथेनं बाजूला सारलं, तिला कुशीवर वळवलं आणि दुकानदाराला म्हणाली, "थोडा वेळ लागेल. गर्दी करू नका." मी नुसती उभी. मुलगा फोन लावतो म्हणाला आणि रस्त्यावर जाऊन पाठ करून उभा राहिला. लेकीनं डोळे उघडले तेव्हा काचेतून तिला ती पाठ दिसली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला. तुम्ही सांगितलं होतं, पण इतकं असेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे कानांनी ऐकलं तोवर चालत होतं, डोळ्यांनी दिसलं तेव्हा चालेना. तेवढ्यावर थांबली असती तरी मी गिळलं असतं. ती चार घरी जाऊन म्हणाली, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात ती काही उगाच नाही.

लेक खोलीत जाऊन बसली. दुकानात जाईना, धड जेवेना. म्हणाली, ज्या चर्चमध्ये दोनदा नाव पुकारलं आणि तिसऱ्यांदा पुकारणार नाहीत, तिथं मी पुन्हा पाऊल टाकणार नाही. मला ते पटलं. मी म्हटलं, थोडे दिवस जाऊ नकोस, लोक विसरतात. नणंदबाई म्हणाली, "याच रविवारी जायचं."

"ताई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं तिनं?"

"वहिनी, आज नाही गेली तर ती कधीच जाणार नाही. आणि चर्च काय त्या बाईच्या बापाचं आहे?"

मी बोलले, ती बोलली, मग ती गाणं म्हणायला लागली. मी भांडी आपटली.

शनिवारी दुपारी ती चादर घेऊन लेकीच्या दारात उभी राहिली. लेक म्हणाली, "आत्या, नको. तुझी नकटी खोटी आहे. तुझ्या गोष्टीत नवरा दारात थांबतो. माझा रस्त्यावर जाऊन उभा राहिला. आणि तुझा तर कोणी बघितलाच नाही."

मी स्वयंपाकघरात होते. इतक्या वर्षांत तिला असं तोंडावर मीसुद्धा बोलले नव्हते, आणि मी काही कमी बोललेली नाही. नणंदबाईनं चादर उलगडली. मग म्हणाली, "टोक धर."

लेकीनं धरलं. सवयच होती. दोघी जवळ आल्या तेव्हा नणंदबाई म्हणाली, "सतराशे विघ्नं आली. बरोबर?"

लांब गेल्या, जवळ आल्या. "बरोबर," लेक म्हणाली.

"मग नवरा किती वेळा थांबला?"

चादर अर्धी झाली.

"पहिल्याच विघ्नाला तो निघून गेला असता तर दुसरं आलं असतं का? सतराशे आली, कारण तो सतराशे वेळा थांबला. सगळे तिच्या नाकाकडे बघतात. ती म्हण त्याची आहे, पोरी. नवरी चांगली म्हणून तो थांबत नाही. तो चांगला आहे म्हणून थांबतो."

"गोष्टीत," लेक म्हणाली.

"त्या दुकानात तुझ्याजवळ कोण बसलं होतं?"

"तू."

"मी काय जन्मजात अशी आहे? तुझ्या आईला विचार मी कशी आहे ते. सगळे हसत होते तेव्हा माझ्याजवळ जो बसला, त्याच्याकडून शिकले मी खाली बसायला. तो मला दिसला नसेल, पण तो गेलेला मला कधी दिसला नाही."

चादरीची घडी झाली. लेक ती छातीशी धरून रडली, दुकानातून आल्यापासून पहिल्यांदा. ती घडी पुन्हा घालावी लागली.

रविवारी आम्ही गेलो. नणंदबाई मुद्दाम पुढच्या बाकावर. आमचे पाळक तरुण आणि भिडस्त. त्यांनी सूचना वाचल्या, आजारी माणसांसाठी प्रार्थना सांगितली. पुकारीची जागा आली तशी पाणी प्यायले आणि गाण्याकडे वळले. अख्ख्या चर्चचे डोळे माझ्या लेकीच्या मानेवर होते. आणि माझी नणंद उठली.

"पाळकसाहेब, पुकार राहिली."

"बाई, ती... ती रद्द झाली आहे."

"ती झाली. माझी राहिली. माझं लग्न ठरून जन्म गेला, तुम्ही लोकांनी एकदाही पुकारलं नाही. आज पुकारा. माझं आणि माझ्या भाचीचं."

मागून कोणीतरी हसलं आणि म्हणालं, "वराचं नाव काय?"

"तुम्ही दर रविवारी घेता ते," ती मागे न वळता म्हणाली.

मला वाटलं, पाळक आता तिला खाली बसवतील. त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला आणि दोघींची नावं घेतली, अगदी रीतीप्रमाणे, आईवडिलांच्या नावांसकट. "वर, आपला प्रभू येशू ख्रिस्त," ते म्हणाले. "कोणाची हरकत असल्यास आत्ता सांगावी."

मुलाची आई उठली. तिला राहवलं नाही. "माझी हरकत आहे. हा देवाच्या घरातला तमाशा आहे. ती मुलगी कुठंही पडते, तोंडातून फेस येतो तिच्या. ती कसली नवरी?"

मी लेकीची बाही धरली होती. तिनं माझा हात हळूच सोडवला आणि उभी राहिली.

"माझ्या नवऱ्याला माहीत आहे, काकू," ती म्हणाली. "त्यानं बघितलंय. तो दुकानाबाहेर गेला नाही."

मुलगा आईच्या शेजारी मान खाली घालून बसला होता. पाळक म्हणाले, "ही हरकत वराला मान्य नाही." इतकं सरळ वाक्य त्या भिडस्त माणसाच्या तोंडून मी आजवर ऐकलं नव्हतं. "आणखी कोणाची?"

तेवढ्यात आमचे हे उठले. जन्मभर बस चालवलेला माणूस, ओठावर झुपकेदार मिशा, चर्चमध्ये आमेनच्या पुढे कधी बोललेले नाहीत. म्हणाले, "त्यात माझंही धरा."

"तुम्ही नवरी?" शेजारच्यानं विचारलं.

"मंडळीत आहे ना मी? मग आहे," म्हणाले आणि लाल होऊन खाली बसले.

मी उठले नाही. मी रडत होते, आणि रडताना मला धड उभं राहता येत नाही.

सोमवारी लेक दुकानात गेली. फिट अजून येते, मधूनमधून. लाँड्रीतल्या बायकांनी नणंदबाईला नकटीचं पुढे काय झालं विचारलं, तर म्हणाली, आता माझी भाची सांगेल, सुट्टीच्या दिवशी येते घड्या घालायला. घरात ती अजून न्हाणीघर अडवते. कालच भाजीत मीठ कमी होतं म्हणाली.

परवा मुलाची आई मला बाजारात भेटली. बरोबर दोघी-तिघी होत्या. मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, दुसरं काय."

मी पिशवी खाली ठेवली.

"सतराशेच आहेत," म्हटलं. "तुम्ही मोजत बसा. आमचा नवरा उभा आहे."