चार नंबरच्या टाकीतलं बोलणं

अल्कोहोलच्या कारखान्यात सगळे त्यांना वहिनी म्हणत, अगदी मॅनेजरसुद्धा. त्या नवऱ्याच्या जागी नोकरीला लागल्या, आणि नवऱ्याच्या मित्रांनी मारलेली हाक पुढे सगळ्यांच्याच तोंडी बसली.

नवरा आंबवणीच्या टाक्यांवर होता. उसाच्या मळीत पाणी आणि यीस्ट घातलं की ती दीड दिवस फसफसत राहते. साखरेचा अल्कोहोल होतो आणि सोबत गॅस सुटतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. टाकी रिकामी झाली तरी तो तळाशी बसून राहतो आणि डोळ्यांना काही दिसत नाही. एका सकाळी चार नंबरच्या टाकीत फिटर उतरला आणि खाली कोसळला. नवरा श्वास रोखून त्याच्यामागे उतरला, त्याच्या कमरेला दोर बांधला. वरच्या माणसांनी फिटरला ओढून काढलं. दोर पुन्हा खाली सोडला तेव्हा तो धरायला कोणी शुद्धीवर नव्हतं.

मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती.

आठवड्याने फिटर घरी आला. दारातच उभा राहिला.

"वहिनी, दोर बांधताना तो मला म्हणाला, पोरीला खूप शिकव म्हणावं."

त्या एका वाक्यावर वहिनी उठून उभ्या राहिल्या. महिन्याभरात लॅबमध्ये बाटल्या धुवायला लागल्या. पुढे म्हाताऱ्या केमिस्टने त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट मोजायला शिकवलं. निळ्या रंगाचा थेंब टाकला की मेलेल्या पेशी निळ्या पडतात, जिवंत तशाच राहतात. वहिनींची नजर इतकी पक्की बसली की टाकीतली आंबवण बिघडणार हे त्या आदल्या दिवशीच सांगत.

दर वर्षी अपघाताच्या तारखेला फिटर घरी यायचा. चहा घ्यायचा, मुलीला जवळ बसवून बापाचं वाक्य सांगायचा. मुलगी ते ऐकतच मोठी झाली. परीक्षेत मार्क कमी पडले की स्वतःच म्हणायची, "बाबांनी काय सांगितलंय!"

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कारखान्यात सुरक्षेचा वर्ग झाला. शिकवणाऱ्याने सांगितलं, टाकीच्या तळाशी साचलेल्या गॅसमध्ये माणूस दोन-तीन श्वासांत बेशुद्ध होतो. वहिनींनी ते वहीत उतरवून घेतलं आणि त्यांचं पेन तिथेच थांबलं. ज्याने श्वास रोखलाय तो बोलणार कसा? आणि जो आधीच बेशुद्ध पडलाय तो ऐकणार कसा?

त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. फक्त टाक्यांमधला गॅस मोजायचं काम मागून घेतलं. त्यांची सही झाल्याशिवाय टाकीत कोणी पाऊल ठेवायचं नाही. एकदा मॅनेजर घाईत होता.

"वहिनी, दहा मिनिटांचं काम आहे."

"त्या दिवशीही दहा मिनिटांचंच होतं, साहेब."

मॅनेजर खुर्चीवर बसून सहीची वाट बघू लागला.

वर्षं गेली. मळी पुरेना तेव्हा कारखान्याने धान्य घेतलं. ते दळून, शिजवून आधी त्याची साखर करायची आणि मग आंबवायचं. त्यानंतर पिकांच्या वाळक्या काड्यांपासून इंधनाचं इथेनॉल करायचं ठरलं. त्यासाठी नव्या टाक्या येणार होत्या, जुन्या कापून भंगारात जाणार होत्या. फिटरच्या नोकरीचा तो शेवटचा महिना होता. चार नंबरची टाकी कापण्याआधी गॅस तपासायला वहिनी गेल्या, मदतीला तो होता. मीटर खाली सोडून दोघं लोखंडी पायऱ्यांवर बसले.

"वहिनी, एक सांगायचंय," तो खाली बघत म्हणाला. "तो काही बोलला नव्हता. मला काहीच आठवत नाही. जाग आली तेव्हा मी वर होतो."

"ठाऊक आहे, भावजी."

त्याने मान वर केली. "कधीपासून?"

"मुलगी पाच वर्षांची होती तेव्हापासून."

"मग मला कधी हटकलं का नाहीत?"

वहिनींनी मीटर वर ओढून घेतला, आकडा पाहिला, कागदावर लिहिला.

"त्यांचं नाव काढायला आमच्या दारात दुसरं कोण येत होतं? मी बोलले असते तर तुम्हीही यायचं थांबला असता."

फिटर रडला. वहिनी शेजारी बसून राहिल्या. मग त्यांनी सही केली आणि कापणाऱ्यांना हाक मारली.

मुलगी आता दुसऱ्या गावी शिक्षिका होती. रविवारी घरी आली तेव्हा वहिनींनी तिला सगळं सांगितलं. भाजी निवडता निवडता तिचे हात थांबले.

"मग बाबा खरं काय बोलले होते शेवटचं?" तिने विचारलं.

वहिनींना आठवावं लागलं नाही.

"मोरीतला नळ गळत होता. चपला घालताना म्हणाले, वॉशर गेलाय, संध्याकाळी बघतो."

"एवढंच?"

"एवढंच. आणि तू झोपली होतीस, म्हणून दार हळू लावलं."

मुलीने डोळे पुसले, आणि विचारलं की त्या चपला कसल्या होत्या. वहिनी सांगू लागल्या.